सात हजार फुटांवर कळलेला आजार

मला माझा आजार फोनच्या स्पीकरवरून कळला.

शिमल्याच्या एका दवाखान्यात मी पलंगावर होते. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा आणि शेजारी आठव्या महिन्यातली गरोदर माझी लेक, हर्षदा. तिथले डॉक्टर तरुण होते. माझा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी हिंदीत विचारलं, आधीपासून फुप्फुसाचा काही आजार आहे का? मी मानेनंच नाही म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. त्यांनी हर्षदाच्या फोनवरून माझ्या नवऱ्याला असोद्याला फोन लावला आणि एका हातात एक्स-रे असल्यामुळे तो स्पीकरवर टाकून पलंगावर ठेवला.

आमच्या ह्यांचं हिंदी केळीच्या ट्रकवाल्यांकडून शिकलेलं. पलीकडून आवाज आला, "साब, उसको वो बीमारी पहले से है. फेफडा सुकनेवाली. दो साल हो गये. लेकिन उसको मत बताना."

डॉक्टरांनी घाईघाईनं फोन उचलून कानाला लावला आणि बाहेर गेले. तोवर ऐकायचं ते ऐकून झालं होतं. मी हर्षदाकडे पाहिलं. तिला धक्का बसायला हवा होता. ती पलंगाच्या चादरीची घडी नीट करत बसली होती. म्हणजे हिलाही माहीत होतं.

त्या वेळी मला श्वास पुरत नव्हता, म्हणून मी काही बोलले नाही. नाहीतर माझा स्वभाव गप्प बसायचा नाही.

आता हे लिहितेय ते दोन प्रकारच्या लोकांसाठी. ज्यांच्या फुप्फुसाला काही झालंय आणि ज्यांना डोंगरावरच्या गावी जायचंय, त्यांच्यासाठी. आणि ज्यांच्या घरात कुणापासून तरी काहीतरी लपवलं जातंय, त्यांच्यासाठी. दुसऱ्या प्रकारचे लोक जास्त निघतील असं मला वाटतं.

आजाराचं नाव इंटरस्टिशियल लंग डिसीज. डॉक्टर लोक आयएलडी म्हणून मोकळे होतात. आपल्या फुप्फुसात हवेच्या बारीक बारीक पिशव्या असतात. त्यांच्या भिंती पातळ असतात म्हणून हवेतला ऑक्सिजन सहज रक्तात उतरतो. ह्या आजारात त्या भिंती जाड आणि कडक होत जातात. त्याला फायब्रोसिस म्हणतात. हवा आत येते, पण ऑक्सिजनची वाट अडते. झालेलं नुकसान भरून येत नाही. गोळ्यांनी पुढचं नुकसान सावकाश होतं, एवढंच. हे सगळं मला आज पाठ आहे. आधीची दोन वर्षं ते माझ्याखेरीज सगळ्यांना पाठ होतं.

सुरुवात कोरड्या खोकल्यानं झाली. मी असोद्याला राहते, जळगावच्या शेजारी. घरची शेती आहे, कापूस आणि थोडी केळी. शिवाय मी गावातल्या मुलींना शिवण शिकवते. खोकला आला की सगळे म्हणायचे, कापसाची कसपटं आणि शिवणाची धूळ, दुसरं काय. आमच्याकडे भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवतात. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस आणि आम्ही मागच्या खोलीत, अशी माझ्या संसाराची कितीतरी वर्षं गेली. मग जिना चढताना दम लागायला लागला. मशीन चालवताना मधेच थांबून श्वास घ्यावा लागायचा.

जळगावला डॉक्टरांनी एचआरसीटी करायला सांगितली. ही फुप्फुसाची बारकाईनं काढलेली सीटी स्कॅन असते. रिपोर्ट आला त्या दिवशी हे आणि माझा मुलगा निलेश आत गेले. मला म्हणाले, तू बाहेर बैस, गर्दी नको. मी बसले. शेजारच्या बाईच्या ब्लाउजचा गळा कुणी बिघडवलाय ह्याचा विचार करत बसले होते. माझं काय बिघडलंय ते आत ठरत होतं.

बाहेर आल्यावर निलेश म्हणाला, "काही नाही आई, अ‍ॅलर्जी हाये. गोळ्या बऱ्याच दिवस घ्याव्या लागतील." त्याचे डोळे लाल होते. मी विचारलं तर म्हणाला, एसीचा त्रास झाला. मी त्याला घरी गेल्यावर डोळ्यांत गुलाबपाणी घालायला लावलं.

त्यानंतर घरात काही विचित्र गोष्टी घडायला लागल्या. त्यांचा अर्थ मी प्रत्येक वेळी चुकीचा लावला.

त्या वर्षी कापूस घरात आलाच नाही. वेचला तसा ह्यांनी शेतातूनच विकला, पडत्या भावात. गाव हसलं. मीही भांडले. म्हटलं, लोक थांबलेत आणि तुम्हाला काय घाई सुटलीय? आठ दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

मग हिवाळ्यात भरिताचा बेत झाला. आमच्याकडे भरिताची वांगी पऱ्हाटीच्या म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या जाळावर भाजतात. आमच्या घराण्यात ते काम माझं. वांगं कधी फिरवायचं, कधी काढायचं, ते मला वासावरून कळतं. त्या दिवशी जाळ पेटला आणि हे सगळ्यांसमोर म्हणाले, "तू सर तिकडे. वहिनी भाजतील." माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना वांगं भाजता येत नाही, करपवता येतं. मी घरात जाऊन बसले. जाऊबाई मागून आल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. तीस वर्षांत त्यांनी असला हात फिरवला नव्हता. मला वाटलं, जिंकल्याचा आनंद झालाय.

कुणी माझ्याशी भांडेनासं झालं होतं. जाऊबाई नाहीत, निलेश नाही, गल्लीतली रोज कचऱ्यावरून वाद घालणारी बाईसुद्धा नाही. मी समजत होते, माझा दरारा वाढला. गोठ्यातली म्हैस आणि मी सोडून बहुतेक सगळ्यांना माहीत होतं, हे नंतर कळलं.

पुढच्या वर्षी हर्षदाला दिवस गेले. जावई बँकेत आहेत आणि त्यांची बदली शिमल्याला झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. पण तिचं बीपी वाढलं आणि तिथल्या डॉक्टरांनी इतका लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलं. मी म्हटलं, ठीक, ती येत नसेल तर मी जाते.

आणि सगळे आडवे आले. हे म्हणाले, तुझे गुडघे दुखतात. माझे गुडघे उत्तम आहेत. निलेश म्हणाला, तिथे थंडी फार असते. जाऊबाई म्हणाल्या, इथे शिवणाचा क्लास कोण बघणार? खरा घाव हर्षदानं घातला. फोनवर म्हणाली, "आई, तू नको येऊस. सासूबाई येणार आहेत. त्यांचं मला बरं पडतं."

सासूचं बरं पडतं आणि आईचं नाही. पोटची मुलगी असं बोलली. मी त्या रात्री जेवले नाही आणि दुसऱ्या दिवशी डिंकाचे लाडू करायला घेतले. कुणी अडवलं की मला जास्त चेव येतो, हे माझ्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. एकानं जरी खरं कारण सांगितलं असतं तर मी लाडू कुरियरनं पाठवले असते.

नंतर कळलं की ह्यांनी जळगावच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं होतं. ते म्हणाले, ऑक्सिजन किती आहे? ह्यांनी घरचा ऑक्सिमीटर माझ्या बोटाला लावला होता, बीपी बघायचं मशीन आहे असं सांगून. चौऱ्याण्णव होता. डॉक्टर म्हणाले, मग जाऊ द्या, फार चढउतार करू देऊ नका. एवढ्यावर ह्यांनी मला गाडीत बसवलं. सोबत निलेश आला, बॅग उचलायला म्हणून.

माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ही आहे. आजार लपवला, ते एक वेळ समजू शकते. पण जायचा प्रश्न आला तेव्हा त्यांच्यासमोर दोनच रस्ते होते. मला सांगायचं, किंवा मला पाठवायचं. मला पाठवणं त्यांना सोपं वाटलं.

दिल्ली, चंदीगड आणि पुढे टॅक्सी. घाटात माझं डोकं जड झालं. मला वाटलं, गाडी लागली. शिमल्यात रस्त्यापासून हर्षदाच्या घरापर्यंत पायऱ्या उतरून जायचं होतं. उतरताना काही वाटलं नाही. हर्षदानं दार उघडलं आणि मला बघून रडायलाच लागली. मी म्हटलं, आता आली ना आईची आठवण? तिच्या रडण्याचा अर्थही मी असाच लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळीला गेले आणि केस विंचरता विंचरता हात खाली आले. हात वर धरायलाही श्वास लागतो, हे मला तेव्हा कळलं. आरशात ओठ जांभळे दिसले, जांभूळ खाल्ल्यासारखे. मला बोलायचं होतं, पण एका वेळी एकच शब्द निघत होता. निलेशनं खिशातून ऑक्सिमीटर काढला. तो खिशातच होता, हेही लक्षात ठेवा. आकडा अठ्ठ्याहत्तर होता.

वर रस्त्यापर्यंत त्यानं आणि जावयांनी मला खुर्चीत बसवून नेलं. दवाखान्यात ते दोघं केस पेपर काढायला गेले. पुढचं मी सांगितलंच आहे.

डॉक्टर फोन संपवून परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता. खुर्ची ओढून ते माझ्या समोर बसले आणि म्हणाले, "माँजी, आपने सुन लिया." मी मान हलवली. त्यांनी मग काहीही लपवलं नाही. आजाराचं नाव सांगितलं, कागदावर फुप्फुसाचं चित्र काढलं. म्हणाले, इथे माझ्याकडे औषधं आहेत, पण तुमचं पहिलं औषध म्हणजे खाली उतरणं. आजच. ह्या उंचीवर तुमच्या फुप्फुसाला झेपत नाहीये.

दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी माझ्याबद्दल बोलत होतं. तो माणूस मला तासाभरापूर्वी भेटला होता.

अ‍ॅम्ब्युलन्सनं मला चंदीगडला नेलं. हर्षदाला येता येणार नव्हतं. निघताना ती म्हणाली, "आई, बाबांनी शपथ घातली होती." मी मास्क बाजूला केला आणि म्हटलं, "आणि मी तुला काय घातलं होतं?" दूध म्हणायचं होतं, पण तेवढ्यात नर्सनं मास्क परत बसवला. तिचं बाळंतपण पुढे सासूबाईंनीच केलं. नीट केलं, मी त्यांना फोन करून तसं सांगितलंही. पण माझ्या लेकीच्या पहिल्या बाळंतपणात मी पाचशे कोसांवर तोंडाला नळी लावून बसले होते.

घाट उतरताना नर्स दर थोड्या वेळानं आकडा वाचत होती. वर असताना ऑक्सिजन लावूनही अठ्ठ्याऐंशीच्या पुढे जात नव्हता. सोलन मागे पडल्यावर नव्वद झाला. कालका आलं तेव्हा त्र्याण्णव, आणि तिनं ऑक्सिजनचा नळ थोडा कमी केला. औषध तेच, बाई तीच, फुप्फुसं तीच. रस्ता खाली जात होता आणि आकडा वर येत होता. निलेश पुढच्या सीटवर बसून मागे न बघता रडत होता. मी त्याला गप्प केलं नाही.

असोद्याला परतल्यावर मी आधी चार दिवस कुणाशीच बोलले नाही. पाचव्या दिवशी ह्यांना समोर बसवलं.

हे म्हणाले, "तुले सांगितलं असतं तर तू हाय खाल्ली असती. डॉक्टरबी म्हणे, बाईले टेन्शन नका देऊ."

मी म्हटलं, "मंग मले तिथी मरायले कसं धाडलं? त्याचं टेन्शन नाही आलं?"

"चौऱ्याण्णव व्हता ना."

"मह्या बोटाचा आकडा तुम्हाले माहीत, आणि मले म्हणे बीपीचं मशीन."

हे उठून गोठ्यात गेले. आमच्या ह्यांना वाद नको झाला की म्हशीला पाणी दाखवायचं असतं. तेव्हा म्हशीनं नुकतंच पाणी प्यायलेलं होतं. चुकलं, असा एक शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. मी वाट बघत राहिले. चहाच्या वेळी, जेवायच्या वेळी, झोपायच्या आधी. वाट बघायची लाज वाटायची, तरी बघायचे.

जळगावच्या त्या डॉक्टरांकडे मी परत गेले नाही. म्हटलं, आपल्याला कुणी ओळखत नाही अशा गावात जाऊ. माझ्याकडे शिवण शिकणाऱ्या एका मुलीच्या मावशीनं धुळ्याच्या एका छातीच्या डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. पहिल्याच दिवशी मी आत शिरले, मागून हे शिरले. डॉक्टरांनी ह्यांच्याकडे बघून विचारलं, "काय त्रास आहे?" मी म्हटलं, "त्रास मला आहे, मला विचारा. आणि जे सांगायचं ते मला सांगा. हे ऐकतील."

बाई हसल्या आणि त्या दिवसापासून तसंच चाललंय.

त्यांनी माझी सिक्स मिनिट वॉक टेस्ट घेतली. सहा मिनिटं दवाखान्याच्या व्हरांड्यात चालायचं आणि ऑक्सिजन किती उतरतो ते बघायचं. बसलेली असताना चौऱ्याण्णव, चालल्यावर सत्त्याऐंशी. ही टेस्ट जळगावला केलीच नव्हती. मग डीएलसीओ नावाची टेस्ट झाली. नळीत फुंकायचं, श्वास रोखायचा. हवेतून रक्तात वायू किती उतरतो ते त्यातून कळतं.

मी त्यांना विचारलं, "मॅडम, शिमल्याच्या हवेत ऑक्सिजन कमी असतो का?"

त्या म्हणाल्या, "सगळ्यांचा हाच गैरसमज आहे. हवेत ऑक्सिजनचा वाटा सगळीकडे सारखाच, शंभरात एकवीस. जळगावलाही तेवढाच, शिमल्यालाही तेवढाच. फरक पडतो दाबाचा. जळगाव समुद्रापासून सातशे फुटांच्या आसपास आहे, शिमला सात हजारांच्या वर. खाली आपल्या अंगावर हवेचा जास्त थर असतो, त्याच्या वजनानं हवा दाबून बसलेली असते. वर ती विरळ होते. जळगावच्या एका श्वासात शंभर दाणे येत असतील, तर शिमल्याच्या तेवढ्याच श्वासात ऐंशीसुद्धा येत नाहीत."

मला ते लगेच पटलं. गठाणीत दाबून बांधलेला कापूस आणि सुटा कापूस, दोन्ही कापूसच. पण कवेत धरला तर कुठला जास्त येईल हे आमच्याकडे लहान पोरही सांगेल.

धडधाकट माणूस वर गेला की जोरात श्वास घेतो, हृदय जास्त पळतं, काही दिवसांत शरीर सवय करून घेतं. माझ्या पिशव्यांच्या भिंती आधीच जाड. जळगावची दाट हवा आहे म्हणून कसंबसं भागत होतं. आणि त्या चौऱ्याण्णवचं काय? मॅडम म्हणाल्या, "चौऱ्याण्णव म्हटलं की आपल्याला परीक्षेतले मार्क वाटतात. तसं नसतं. नव्वदपर्यंत आकडा हळूहळू उतरतो, त्याच्या खाली भराभर घसरतो. तुम्ही त्या घसरणीच्या जवळ उभ्या होतात. वर गेलात आणि पाय सुटला."

मग मी जरा भीतभीतच विचारलं की धुळं जळगावपेक्षा उंच आहे का. त्या मोठ्यानं हसल्या. आहे, म्हणाल्या, पण दीडएकशे फुटांनी फुप्फुसाला काही कळत नाही, तुम्ही बिनधास्त येत जा. तोरणमाळच्या डोंगरावर जायचं तर आधी मला विचारा. आणि विमानात बसायचं असेल तर नक्की विचारा. विमानातली हवासुद्धा पाचसहा हजार फुटांवरच्या गावासारखी, कधी त्याहूनही विरळ ठेवलेली असते. हे मला अजिबात माहीत नव्हतं, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

तुम्हाला आयएलडी, दमा किंवा जुना ब्राँकायटिस असेल आणि यात्रेला, सहलीला, लेकीकडे, कुठेही डोंगरावर जायचं असेल, तर घरातल्या बोटाच्या आकड्यावर जाऊ नका. चालण्याची टेस्ट करून घ्या. ज्या गावी जायचं ते किती उंचावर आहे ते डॉक्टरांना सांगा. जळगावचा आकडा जळगावपुरता असतो.

हर्षदा बाळाला घेऊन खाली आली. नातू मांडीवर घेतला तेव्हा मी तिच्यावरचा राग थोडा सोडला. थोडाच. ती सध्या मला दर आठवड्याला तिचं बीपी सांगते, न विचारता.

आता मागच्या महिन्यातली गोष्ट सांगते. त्याच दवाखान्यात नंबरची वाट बघत होतो. माझ्या एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला साक्रीकडचे एक म्हातारेबाबा, पांढरी टोपी, हातात छत्री. मघापासून माझ्याशी गप्पा मारत होते. त्यांचा चाळिशीतला मुलगा त्यांना नाना म्हणूनच हाक मारत होता. मी पाण्याच्या मशीनजवळ गेले तर तो मागून आला. हळूच म्हणाला, "अक्का, नाना तुमनासंगे बोलतस म्हणीसन सांगस. त्यासले फुप्फुसनी गाठ शे. वाईट गाठ. त्यासले माहीत नही. तुम्हीन काही बोलू नका."

मी परत येऊन बसले.

थोड्या वेळानं नाना मुलाकडे मानेनं खूण करत माझ्याकडे झुकले. "ताई, माले काय व्हयेल शे? हाऊ मना आंडोर सांगस खोकला शे. खोकलाले इतला दवाखाना कोण फिरावस?" मग म्हणाले, "आते बठ्ठा लोक मनासंगे हासीसन बोलतस. पहिले असं कोणी बोलत नव्हतं."

माझ्या पाठीवरून फिरलेला जाऊबाईंचा हात मला आठवला. 'काही नाही नाना, बरं होईल' हे वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. इतकं पटकन आलं की मलाच माझी भीती वाटली. बोलायला तेच सगळ्यात सोपं होतं.

मी म्हटलं, "नाना, ते माझ्या तोंडून ऐकू नका. आत मॅडम आहेत, त्या सांगतील. तुम्ही स्वतः विचारा."

तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं. मुलगा फाइल घेऊन उठला आणि म्हणाला, "नाना, तुम्ही बठा, मी दखाडीसन येस." मी उभी राहिले. "भाऊ, नाव नानांचं पुकारलंय. त्यांना जाऊ द्या."

मुलगा चिडला. त्याचा राग मला कळत होता. त्याचा बाप होता, माझा कोण? "अक्का, तुम्ही मधमा पडू नका. आम्हना घरनं शे."

मी काही बोलायच्या आत ह्यांनी उठून त्याचा हात धरला. चारचौघांत कधी तोंड न उघडणारा माणूस. आजूबाजूचे पेशंट बघायला लागले. हे म्हणाले, "बसा भाऊ. जाऊ द्या त्याहीले. मी बी मह्या बायकोपासून असंच लपवलं व्हतं. तिचा जीव जायची वेळ आली. लोकायले सांगत फिरलो का ती हाय खाईन. ती कशाची हाय खाते? भीती मले व्हती. तिले सांगायची हिंमत नव्हती मह्यात. चुकलं भाऊ मह्यं."

मुलगा फाइल छातीशी धरून तसाच उभा राहिला. मग हळूच बाकावर बसला आणि त्यानं फाइल माझ्याकडे दिली.

मी नानांना दारापर्यंत नेलं. दार उघडून मॅडमना फाइल दिली आणि म्हटलं, नानांना तुम्हाला काही विचारायचंय. नाना टोपी नीट करून खुर्चीवर बसले. मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं. डोळे पुसायला पदर होता, पण तो तोंडाशी नेला की श्वास कोंडतो, म्हणून तसेच वाहू दिले.

शिमल्याच्या त्या प्रकारानंतर धुळ्याला येता-जाता मी बसमध्ये मुद्दाम बायकांच्या सीटवर बसायचे. त्या दिवशी ह्यांच्या शेजारी बसले. तुम्हाला अजून माफ केलेलं नाही, हेही वाटेतलं पारोळा यायच्या आत सांगून टाकलं. हे म्हणाले, "बरं केलं सांगितलं."